पेठ रोडवरची बंद गाडी

नोकरीत गुन्हे पुष्कळ हाताळले, पण पेठ रोडवरच्या त्या प्रकरणाचा विषय निघाला की मोटारसायकलला किक मारल्याचा आवाज अजून माझ्या कानात येतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. त्या सुमारास एका मोटारसायकल मेकॅनिकला कोणीतरी 'पेठ रोडच्या घाटात गाडी बंद पडलीय' असं सांगून घेऊन गेलं आणि पुढे त्याचं प्रेत दरीत सापडलं. त्याची गाडी गायब होती. खुनाचा गुन्हा दाखल झाला, पण आरोपीचा माग लागत नव्हता. शहरातल्या मेकॅनिक लोकांनी इतकी धास्ती घेतली की गॅरेज सोडून कोणी बाहेर जाईना. गाडी बंद पडली तर लोक ती ढकलत आणायचे, नाहीतर टेम्पोत घालून.

अशात एका सकाळी एक बाई ठाण्यात आली. तिचा नवराही मेकॅनिक. आदल्या दिवशी एक माणूस गॅरेजवर आला होता. गाडी घाटात बंद पडलीय, बायको आणि तान्हं लेकरू उन्हात बसलंय, असं त्याने सांगितलं. लेकराचं ऐकून नवऱ्याने हत्यारांची पिशवी उचलली, त्या माणसाला आपल्याच गाडीवर मागे बसवलं आणि गेला. तो परत आला नव्हता. "मी जाऊ नका म्हटलं होतं," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

नवरा बेपत्ता असल्याची नोंद केली, वायरलेसवर गाडीचा नंबर दिला, काही माणसं घाटात पाठवली. चोरीची गाडी जिल्ह्याबाहेर काढायला ट्रक सोपा पडतो, म्हणून द्वारका भागातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांनाही कळवलं. थोड्याच वेळात तिथल्या एका कारकुनाचा फोन आला. आवाज अगदी हळू होता.

"साहेब, एक जण गाडी इंदूरला पाठवायची म्हणतोय. नंबरप्लेट नाही, चावी नाही, वायरी जोडून चालू केलीय. ट्रकवर चढवण्याआधी टाकीतलं पेट्रोल काढायच्या निमित्ताने थांबवून ठेवलाय."

आम्ही त्याला ताब्यात घेतलं. बाईला गाडी दाखवली. सीटवर हात फिरवून ती म्हणाली, "हे कव्हर मीच शिवलंय."

चौकशीत तो गाडी विकत घेतल्याचंच सांगत राहिला. पण बोलताना त्याची नजर सारखी दाराकडे जात होती. पोलिसांना भिणारा माणूस पोलिसांकडे बघतो. हा दुसऱ्याच कोणाला तरी भीत होता. मी दार लावून घेतलं, त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "मेकॅनिक जिवंत आहे का?"

त्याने ग्लास रिकामा केला. मग म्हणाला, "मी निघालो तवर व्हता. आधीच्या मेकॅनिकची गाडी चालूच व्हत नाय, ती याच्याकडून करून घ्यायची हाय. एकदा चालू झाली की माझा जोडीदार त्याला जित्ता ठेवणार नाय, साहेब. मी बोललो कळलं तर मलाबी नाय."

जागा त्याने सांगितली. घाटाच्या अलीकडे बंद पडलेल्या खडी क्रशरची शेड होती. जीपचा आवाज लांबून ऐकू येतो, म्हणून आम्ही साध्या कपड्यांत मोटारसायकलींवर निघालो. शेडच्या अलीकडे मी गाडी बंद केली आणि हवालदारासोबत ढकलत चालू लागलो. गाडी बंद पडलेल्या वाटसरूसारखं दारापर्यंत जायचं, असं ठरलं होतं. बाकीची माणसं मागच्या अंगाने, नाल्यातून येत होती.

ऊन रणरणत होतं. शेडमधून किक मारल्याचा आवाज येत होता. मारायची, थांबायचं, पुन्हा मारायची. तो आवाज येतोय तोवर माणूस जिवंत आहे, असं मी मनाशी धरून होतो.

आणि इंजिन चालू झालं.

हातातली गाडी टाकून आम्ही पळत सुटलो. दार ढकललं तेव्हा तो धिप्पाड माणूस कोयता घेऊन उभा होता आणि मेकॅनिक गाडीला पाठ लावून बसला होता. हवालदाराने झेप घेतली. त्याच्या दंडावर वार बसला, पण त्याने पकड सोडली नाही. तोवर नाल्यातली माणसं आत शिरली.

मेकॅनिकने पुढे सगळं सांगितलं. आदल्या दिवशी घाटात त्याला धरलं तेव्हाच्या झटापटीत त्याने आपल्या गाडीची चावी दरीत फेकली होती. शेडमधली दुसरी गाडी कोणाची, हे त्याने बघताक्षणीच ओळखलं होतं. तिचा बिघाडही लगेच सापडला होता. "खोलत होतो आणि जोडत होतो, साहेब," तो म्हणाला. "चालू झाली की मी संपलो, हे कळत होतं. शेवटी त्याने कोयता मानेवर ठेवला."

आरोपपत्र दाखल झालं, पुढे दोन्ही आरोपींना जन्मठेपही झाली. आमच्या लेखी प्रकरण संपलं. ते कागदावर संपलं होतं, त्या घरात नव्हतं, हे मला पुढे कळलं.

अटकेनंतर काही महिन्यांनी साध्या कपड्यांत, माझ्या स्कूटरवरून मी त्या मेकॅनिकच्या गॅरेजसमोर आलो. एक माणूस त्याला विनवत होता. पेठ रोडला गाडी बंद पडली होती आणि सोबतची म्हातारी आई रस्त्यात बसून होती. मेकॅनिक मान खाली घालून उभा होता. त्याने नाही म्हणावं, असं मलाच मनातून वाटत होतं. तेवढ्यात आतून त्याची बायको आली. तिने हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली, म्हणाली, "चला, मी येते," आणि नवऱ्याने गाडी काढताच त्याच्या मागे बसली. विनवणारा माणूस त्याला सोडायला आलेल्या स्कूटरवाल्यामागे बसून पुढे निघाला.

भीती गेल्यावरच माणूस पुन्हा उभा राहतो, अशी माझी समजूत होती. ती दोघं भीतीसकट निघाली होती. त्यांना दिसणार नाही एवढं अंतर ठेवून मीही स्कूटर त्यांच्यामागे घातली.