अवसेच्या दुपारची भरती

आठवणी लिहाव्यात एवढं माझं वय नाही आणि योग्यताही नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यातून लिहितो काय, तर प्रेमाच्या रहस्यकथा. पण तीन कादंबऱ्या छापून झाल्या, आणि पहिलीचं श्रेय ज्यांचं त्यांना द्यायला हवं, म्हणून हे धाडस. माफी असावी.

१९९८ साली मी रत्नागिरीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पुण्याच्या प्रकाशकांनी माझी कादंबरी परत पाठवली होती. सोबत दोन ओळी : "प्रेम जमलं आहे, पण नायकावर संशय येत नाही, म्हणून भीती वाटत नाही. जमल्यास पुन्हा लिहून पाठवा." वडील म्हणाले, "आणखी एकदा पाठव. नाय जमलं तर वह्या बांधून ठेव नि बी.एड.चं बघ."

आई काजूच्या कारखान्यात सोलाईला जायची. तिला वाचता येत नव्हतं. मी संध्याकाळी तिला एक प्रकरण वाचून दाखवायचो, आणि दुसऱ्या दिवशी ती ते कारखान्यातल्या बायकांना सांगायची. एके दिवशी त्यांचा निरोप आला, लेखकालाच घेऊन ये.

जेवणाच्या सुट्टीत मी चाचरत वाचू लागलो. अवसेच्या भर दुपारी नायिकेच्या काकाचा खून झाला आहे. नायक तिला सांगतो, "मी तेव्हा खाडी चालत ओलांडून तुझ्याकडेच येत होतो."

"थांब," काजूच्या चिकानं बोटं काळी पडलेली एक म्हातारी म्हणाली. "अवसेच्या दुपारी? तुझा हिरो पान्यावरनं चालतो काय रे?"

"मंडणगडच्या डोंगरातला असंल गो, त्याला खाडी काय ठावी!" दुसरी म्हणाली, आणि हशा पिकला.

आई हळूच म्हणाली, "बाबू, अवसेला दुपारी भरती असते. खाडीतले मुळे-शिंपले काढायला आमी सकाळी जातो, नायतर तिन्हीसांजेला."

खाडीकाठी वाढून मी एवढं विसरलो होतो. कान तापले. ओळ खोडायला पेन काढलं, तेवढ्यात एक तरुण बाई हसायची थांबली.

"म्हंजे तो तिच्याशी खोटं बोलतोय?"

सगळ्या जवळ सरकल्या.

"मग होता कुठं तो?" म्हातारीनं विचारलं. "काकाकडं?"

"नि पोरीला कळलंय काय?"

मी पेन पुन्हा खिशात टाकलं. प्रकाशकांना हवी होती ती भीती आता त्या बायकांच्या तोंडावर दिसत होती.

ओळ मी खोडली नाही. माझी नायिकाही खाडीकाठचीच. तिला खोटं त्याच क्षणी कळतं, आणि प्रेमापोटी ती गप्प राहते. तिथून पुढची सगळी कादंबरी मी नव्यानं लिहिली. नायक कुठं होता, ते आईलासुद्धा सांगितलं नाही. कारखान्यात त्यावरून भांडणं झाली म्हणे.

परीक्षेआधी हस्तलिखित पाठवलं. परीक्षा झाली, निकाल लागला, बी.एड.चा अर्जही भरून ठेवला. मग एका दुपारी पोस्टमननं पाकीट दिलं. आई घरात होती. मी मोठ्यानं वाचलं :

"कादंबरी छापतो आहोत. नायक दुपारी कुठं होता, ते आमच्याकडे शेवटच्या प्रकरणापर्यंत कुणालाच ओळखता आलं नाही. दुसरी लिहायला घ्या."