पान वाजता कामा नये

कुठलाही कागद हातात आला की काकू आधी त्याची पिन काढायच्या. विजेचं बिल असो, सोसायटीची नोटीस असो, नाहीतर माझ्या लेकीची प्रश्नपत्रिका. पिन बशीत ठेवायची, पानं सुटी करायची आणि वाचून झालेलं पान अलगद बाजूला सरकवायचं. का, असं विचारलं तर एकच उत्तर. "पान वाजता कामा नये." मग विखुरलेली पानं गोळा करत बसायचं काम माझं. वैताग यायचा, खोटं कशाला बोलू.

तुमच्याही शेजारी असं कोणीतरी असेल, काम सुटून जमाना झाला तरी हात अजून ड्युटीवरच.

कल्याणला आमची दारं समोरासमोर. तरुणपणी काकू मुंबईला रेडिओवर नाटकांत बोलायच्या. तेव्हा नाटक थेट जायचं. सगळी पात्रं एका माइकभोवती उभी, हातात सुटी पानं. संगीत नाटक असलं की संवाद काकूंचे आणि पदं दुसऱ्या बाईंची. पद आलं की काकू अनवाणी मागे सरायच्या, त्या बाई पुढे यायच्या आणि घरी ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई एकच आहे. किणकिण नको म्हणून बांगड्या रुमालात बांधून ठेवायच्या. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

सगळ्या गावाने काकूंना ऐकलं, फक्त काकांनी नाही. काका शहाडला कारखान्यात, कायम सेकंड शिफ्ट. नाटक लागायचं तेव्हा ते मशीनवर. रेकॉर्डिंग कोणी ठेवलं नाही. "तेवढं राहिलं बघ," असं काका अधूनमधून म्हणायचे. पुढे साखरेने त्यांची नजर गेली आणि ते कॉटवरच असायचे. काकू घरात कुठे आहेत, काय करतायत, हे त्यांना त्यांच्या बोलण्यावरूनच कळायचं.

आणि काकूंच्याच घशात गाठ निघाली.

हाफ डे टाकून मी त्यांना ठाण्याला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेलेले. नंबर येईपर्यंत काकूंनी फाइलमधल्या सगळ्या रिपोर्टांच्या पिना काढून ठेवलेल्या. डॉक्टर पानं जुळवून जुळवून कावले. मग म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. काकूंनी एवढंच विचारलं, की ऑपरेशनच्या आधी एक रविवार मिळेल ना? परतताना रिक्षात मी रडत होते आणि त्या रिपोर्टांची पानं लावत होत्या.

रविवारी दुपारी त्यांनी कपाटातून एका नाटकाची पिवळी पडलेली पानं काढली. पुरुषपात्रं मी वाचायची, असं ठरवून टाकलं. माझा तो रविवार इस्त्रीचा होता, पण नाही कसं म्हणणार? पानं उडतील म्हणून पंखा बंद. बांगड्या रुमालात. काका धुतलेला शर्ट घालून उशीला टेकून बसलेले.

आवाज आधी नुसता खरखरत होता. पण थोड्या वेळाने माझ्यासमोर चक्क विशीतली मुलगी बोलायला लागली. मी बघतच राहिले. त्या नादात माझं पान वाजलं, तर अशा नजरेने बघितलं की बस.

दुसऱ्या अंकात काका घोरायला लागले. सकाळपासून नटूनथटून बसलेला म्हातारा माणूस, लागला डोळा. मी थांबले. काकूंनी माझ्या पानावर बोट ठेवलं.

"वाच," त्या कुजबुजल्या. "थेट आहे. थांबायचं नसतं."

आम्ही झोपलेल्या माणसासमोर नाटक संपवलं. शेवटचं पान ठेवून काकूंनी रुमाल सोडला आणि बांगड्या हातात चढवल्या. मला काकांचा असा राग आला की घरी जाऊन मी भांडी आपटली. संध्याकाळी मात्र काका येईल त्याला सांगत होते, आज सगळं नाटक ऐकलं. काकूंनी ते खोडून काढलं नाही. बोलायचे दोनच दिवस उरले होते, ते त्यांनी भांडणात घालवले नाहीत.

ऑपरेशननंतर घर एकदम गप्प झालं. काकूंचं चालणं आधीच अनवाणी, बिनआवाजी. काका सैरभैर व्हायचे, हात पुढे करून चाचपायचे. एकदा सकाळी मी दूध द्यायला गेले, तर काकू कॉटशेजारी पेपर वाचत होत्या.

"आहेस का गं?" काकांनी हात पुढे करून विचारलं.

काकूंनी पेपर उचलला आणि त्यांच्या कानाशी जोरात सळसळवला. ज्या बाईने जन्मभर पान वाजू दिलं नाही, ती तो कागद चुरगाळून चुरगाळून वाजवत होती. काकांनी हात खाली घेतला. त्या दिवसापासून त्यांच्या घरात सारखा कागद वाजायचा. माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

पावसाळ्याआधी काकू गेल्या. काकांनी पेपर बंद केलेला नाही. ऑफिसला निघताना दारातला पेपर मीच आत नेऊन ठेवते. कितीही जपलं तरी तो वाजतो, आणि काका मान वळवतात.

"आहेस का गं?"

"मी आहे, काका."

ते उशीला टेकतात. मग म्हणतात, "असू दे. थोडं वाजव."

उशीर झालेला असतो. मी पर्स खाली ठेवते आणि पानं उलटत बसते.