घातकी मुलीचा चेहरा

तोवाको आली आणि किनुयोच्या पोटात दुखायला लागलं. इतकी वर्षं किनुयो आणि चिगुसा दोघीच गेम बनवत होत्या. किनुयो दिवसभर ओसाकातल्या गणवेशांच्या दुकानात बटणं लावायची, आणि संध्याकाळी चिगुसाच्या खोलीत कोतात्सूच्या, त्या रजई पांघरलेल्या बुटक्या शेगडी-मेजाच्या, उबेत पाय घालून, संगणकावर एकेक बारका चौकोन भरत चित्रं काढायची. गोष्ट चिगुसाची, चित्रं किनुयोची. जुन्या धाटणीचे, मोजक्या रंगांचे भुताखेतांचे खेळ ते. हौशी मंडळींच्या जत्रेत टेबल मांडून विकायचे.

आता संगीताला म्हणून ही तोवाको. आयत्या बिळावर नागोबा! चिगुसा संत्रं सोलायची ती पहिली फोड तोवाकोला द्यायची.

"किनु, जरा सरकतेस? हिला थंडी वाजतेय."

किनुयो सरकली. तिचे पाय बाहेर राहिले.

नवा गेम ओसाड शाळेत अडकलेल्या पाच मित्रांचा होता; त्यात एक नायकाची लहानपणची मैत्रीण, एक ग्रंथालयात रमणारी मुलगी. खेळणाऱ्यानं प्रत्येक मजल्यावर कुणातरी एकाचा हात धरायचा. एकजण आधीपासूनच भुताला सामील. त्याचा हात धरला की संपलं. चिगुसानं किनुयोच्या कानात सांगितलं होतं, घातकी आहे ती ग्रंथालयातली मुलगी. शेवट मात्र जत्रेआधी ती कुणालाच दाखवायची नाही, चित्रकर्तीलाही नाही.

मग काय, किनुयोनं त्या मुलीला तोवाकोचाच चेहरा दिला. डोळ्याखालचा तीळ, ओठ चावायची खोड, सगळं. नेमकं उतरावं म्हणून तिला चोरून निरखलं. घालू देत तिला लोक शिव्या!

चिगुसानं चित्र बराच वेळ पाहिलं. "किती जीव ओतलायस गं," एवढंच म्हणाली.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, रात्रभर खेळून डोळे लाल झालेलं एक गिऱ्हाईक टेबलाशी आलं आणि तोवाकोकडे बघतच राहिलं.

"अहो, ग्रंथालयातल्या त्या तुम्हीच की! सगळे पळाले, पण तुम्ही माझा हात सोडला नाहीत. मी रडलो हो."

"मी?" तोवाको लाजून लाल झाली.

"पण घातकी तर तीच ना?" किनुयोच्या तोंडून निसटलं.

"छे! घातकी ती लहानपणची मैत्रीण. मी मूर्ख, आधीच्या डावांत दरवेळी तिचाच हात धरून हरलो."

किनुयोनं चिगुसाला खोक्यांमागे ओढलं. "शेवट बदललास? मला न सांगता?"

"तुझं चित्र बघून बदलला. मला धास्ती होती, तुला तोवाको आवडत नाही म्हणून. आणि तू तर तिला इतक्या मायेनं काढलंस! अशा चेहऱ्याला घातकी करायला माझा हात धजेना." चिगुसाचे डोळे भरून आले. "किती हलकं वाटलं म्हणून सांगू!"

खरं सांगावं तर चिगुसा जायची. गप्प बसावं तर तोवाको कायमची राहायची.

तेवढ्यात तोवाको खोक्यांमागे आली, किनुयोपुढे कमरेत वाकली. "किनुयो-सान, माझ्याकडे इतकं निरखून कधी कुणी पाहिलंच नाही हो."

"हो का," किनुयो म्हणाली. चिगुसानं दोघींच्या खांद्यांवर हात टाकले, आणि किनुयोला नको ते दिसलंच. तोवाकोच्या खांद्यावरचा हात जास्त घट्ट होता.