पोळा फुटला की या

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. त्यातही एखादा सण वेळेआधी दारात आला की माझं डोकं तडकतं. राखीच्या आधीच दुकानांत आकाशकंदील लटकतात, आणि देवीच्या मंडळाची पोरं तर श्रावण लागला की वर्गणीला हजर. यवतमाळला नवरात्राचं वेड आहे, मान्य. पण वेडालाही काही मुहूर्त असावा. म्हणून मी आपला एक नियमच करून टाकला होता. पोरं आली की त्यांना बसवायचं, चहा पाजायचा आणि सांगायचं, ‘‘पोळा फुटला की या. त्याच्या आधी पावती फाडाची नाही.’’

मंडळाचा अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा. तो दर वर्षी चहा पिऊन हसत परत जायचा. हळूहळू शेजारणींनाही हे सोयीचं वाटायला लागलं. वर्गणीवाले आले की त्या म्हणायच्या, ‘‘आधी मावशीकडं जा.’’ अख्ख्या गल्लीची वर्गणी माझ्या शब्दावर अडून राहायची, आणि मला ते मनापासून आवडायचं.

तोरणाचा मानही माझ्याकडेच होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. गल्लीच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, त्याखाली पोरांनी आपापले लाकडी नंदी आणून उभे करायचे, आणि मी तोरण तोडलं की पोळा फुटला. मग पोरं नंदी ओढत घरोघरी जाणार, बाया नंदीला ओवाळणार आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवणार. बोजारा म्हणजे खाऊ आणि थोडी चिल्लर.

शेजारी भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबात दुसरीतली एक मुलगी होती. तिच्याकडे मातीचा बैल होता, बिनचाकांचा. बाकीच्यांचे नंदी खडखडत पुढे निघून जायचे आणि ही बैल ताटलीत घेऊन, शिंगं मोडतील या भीतीनं पाऊल जपत सगळ्यांच्या मागून यायची. तोवर अर्ध्या बायांच्या ताटातले लाडू संपलेले असायचे. गेल्या साली तिच्या वडिलांनी बोरी अरबच्या एका सुताराकडून सागवानी नंदी करून आणला, तिच्या कमरेएवढा उंच, खाली चार दणकट चाकं. आणि त्याच आठवड्यात वडिलांची नाशिकला बदली झाली. सामानाचा ट्रक रविवारी येणार होता. पोळा पुढच्या आठवड्यात होता, आणि नाशिककडे तान्हा पोळा करतच नाहीत.

मी ओसरीवर मेथी निवडत होते. ती येऊन समोर उभी राहिली. हातात बेगडाचा कागद, केसांना डिंक लागलेला.

‘‘आजी, तुमी म्हणसान तेव्हाच पोळा फुटते नं?’’

‘‘कोण म्हंते तुले?’’

‘‘तुमीच तर म्हंता. त्या वर्गणीवाल्या दादाले. अन् तोरण बी तुमीच तोडता. मंग शनिवारीच फोडा नं. मले नंदी चालवाचा हाय.’’

अमावास्या आभाळात होते, माझ्या ओसरीवर नाही, हे समजावून सांगायला मी तोंड उघडलं. ती माझ्याकडे इतक्या भरवशानं बघत होती की मला भडभडून आलं. सरकारी कचेरीत जन्म काढला, पण माझ्या अधिकारावर एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता.

‘‘शनिवारी आण तुझा नंदी,’’ मी म्हणाले.

समोरच्या घरातले निवृत्त मास्तर तावातावानं आले. ‘‘बाई, पंचांगात बसते काय हे? एरवी तुमीच बोंबलता का सगळं लवकर होते म्हणून.’’

‘‘मास्तर, पंचांग नाशिकले नाही चाललं. पोरगी चालली.’’

ते पाय आपटत घरी गेले. शनिवारी मात्र धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांच्या आधी तोरणाखाली उभे होते, कारण पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांपुढे म्हणायची यमकांची गाणी, म्हणायचा मान त्यांचा, आणि तो ते कुणाला देत नाहीत. माळ्यावरून घाईघाईनं काढलेले नंदी आले. कुणाची झूल मागल्या सालची, कुणाच्या शिंगाला चिकटपट्टी. मास्तरांनी एकामागून एक झडत्या म्हटल्या, पोरांनी ‘हर हर महादेव’ करून गल्ली दणाणून सोडली आणि मी तोरण तोडलं.

ती सुटलीच. दारोदार बाया ताटं घेऊन उभ्या होत्या, ‘‘अवं, थांब वं, ओवाळू दे,’’ म्हणत होत्या. पण तिला बोजाऱ्याची शुद्धच नव्हती. गल्लीच्या टोकाला जाऊन परत, पुन्हा टोकाला, आणि मागून सगळी पोरं. हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. इतका खुशीचा पोळा मी आजवर पाहिला नाही.

संध्याकाळी मंडळाचा अध्यक्ष पावतीपुस्तक घेऊन दारात हजर.

‘‘मावशी, पोळा फुटला.’’

‘‘अरे, हा काही खरा पोळा नोहे.’’

‘‘तोरण कोणं तोडलं?’’

मी पावती फाडली, आणि माझ्यामागे सगळ्या गल्लीनं. इतक्या लवकर वर्गणी मंडळाला कधीच मिळाली नव्हती. पोरगा जाताना म्हणाला, ‘‘चहा उद्या पेतो.’’

रविवारी ट्रक गेला. नंदी गाद्यांच्या वर, तोंड आमच्या गल्लीकडे करून बसवलेला.

खऱ्या तान्ह्या पोळ्याला मी पुन्हा तोरण तोडलं, पण माझं मन काही तिथं नव्हतं. घरात आले तर फोन वाजत होता.

‘‘आजी, इथं कोणालेच माहीत नाही. तुमी म्हणा नं.’’

मी उभी राहिले आणि गल्लीत ओरडते तशीच ओरडले, ‘‘फुटला पोळा.’’

तिनं फोन खाली ठेवला असावा. फरशीवरून चाकं खडखडत दूर गेली, परत आली, पुन्हा गेली. मी फोन कानाशी धरून बसून राहिले. बऱ्याच वेळानं धापा टाकत आवाज आला, ‘‘आजी, माहा बोजारा?’’

‘‘दिवाळीले येशीन तेव्हा देतो. चकल्या करून ठेवतो तुह्यासाठी.’’

‘‘दिवाळीले लय टाइम हाय. आताच पाठवा नं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी चकलीची भाजणी भाजायला घेतली. गणपतीही अजून बसायचे होते. वास समोरच्या घरापर्यंत गेला असणार. दुपारी मास्तर पार्सलसाठी रिकामा डबा घेऊन आले.