तंबाखू मळायच्या आत

चुना लावलेल्या तंबाखूचा वास आला की मला संकेश्वरजवळचा आमच्या उसाचा बांध आठवतो. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी स्वतःचा ब्लॉग चालवायची. माझे वडील, आप्पा, बांधावर बसून मोबाईलवर तो उघडायला घ्यायचे आणि तो उघडेपर्यंत तंबाखू मळायचे. “मळून तोंडात टाकली, तरी तुझं उघडंना गं,” म्हणत एकदा त्यांनी मोबाईल खिशात घातला. मला ते लई लागलं. आठवडाभर बसून मी अवजड फोटो हलके केले, नको ती सजावट काढून टाकली. पुढच्या खेपेला आप्पांनी तंबाखूला चुना लावला आणि त्यांचा अंगठा तिथंच थांबला. ते वाचत होते. शेवटच्या ओळीपर्यंत तंबाखू तळहातावर तशीच राहिली. आजही कुणी ब्लॉगचा वेग विचारला, तर मी सेकंद सांगत नाही; तंबाखू मळायच्या आत उघडतो, म्हणते.