केळवणाच्या दिवशी बिघडलेलं पोट
मेतकुटाचा वास आला की मला नव्वदीतलं लखनौ आणि माझ्या लग्नाआधीचे ते दिवस आठवतात. तिथली मोजकी मराठी घरं दर रविवारी आळीपाळीने मला केळवणाला बोलवत. त्या रविवारी पाळी होती वडिलांच्या रेल्वेतल्या स्नेह्यांच्या पत्नीची, सरोजिनी नगरच्या काकूंची. पण सकाळीच ऑफिसातला मित्र स्कूटर घेऊन दारात उभा. "चलिए दूल्हे मियाँ, चौक में कबाब खाते हैं. शादी के बाद कौन आने देगा?" मी बूथवरून काकूंना फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं आणि चौकातल्या धुरात डोळे चुरचुरेपर्यंत कबाब खाल्ले. संध्याकाळी काकू दोन टेम्पो बदलून घरी आल्या, हातात मऊ भाताचा डबा आणि मेतकूट. "काकू, तुमचं पुरण..." मी पुटपुटलो. "पुरणाचं काय घेऊन बसलास? आधी हे खा." तुडुंब पोटावर मी तो भात संपवला, आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. लग्नानंतरही त्यांच्याकडे गेलो की बायकोला तुपात भिजलेली पुरणपोळी मिळे आणि मला मऊ भात. "याचं पोट नाजूक आहे, सांभाळ गं," असं त्या तिला बजावत. त्यांना खरं सांगायचं धाडस माझं कधी झालं नाही, आणि आता त्या नाहीत. बायको मात्र काकूंचा शब्द पाळून अजूनही दर होळीला मला अर्धीच पोळी वाढते. निदान तिला तरी खरं कळावं, म्हणून आज हा कागद तिच्या हातात देतो आहे.