नाव घेऊन गाणारा सायमन

सायमन गेला तेव्हा मी पुणतांब्याला मावसभावाकडे होतो. गोदावरीच्या घाटावरून नुकताच घरी येत होतो आणि शालिनीवहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले हो..." एवढंच त्या म्हणाल्या. हृदयाचं दुखणं त्याला होतंच, पण त्या सकाळी चहा घेऊन तो पेपर वाचायला बसला होता आणि बसल्या जागीच मान कलली, असं मागाहून कळलं. एसटीने नगरजवळच्या केडगावला, त्याच्या घरी पोचेपर्यंत मला उसाच्या टायरगाड्यांशिवाय वाटेतलं काहीच आठवत नाही. आता महिना उलटून गेला. या महिन्यात मला अनेकांनी विचारलं, की गायिका शॅरनच्या त्या गाजलेल्या गाण्यावरून रान उठलं तेव्हा ज्यांचं नाव येत होतं, ते सायमन पगारे म्हणजे नक्की कोण? त्या वेळी तो स्वतः कुणाशी बोलला नाही. म्हणून मीच लिहायला बसलो.

आम्ही एकाच शाळेत होतो. तो संगीत शिकवायचा, मी गणित. मला तबला येतो हे त्याला कुणीतरी सांगितलं आणि एक दिवस स्टाफरूममध्ये येऊन तो म्हणाला, "कुलकर्णी, नाताळची भजनं बसवतोय. आमचा तबलजी नाशिकला बदलून गेला. येतोस का?" नगरच्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये भजन, अभंग, कीर्तन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, हे शेजारी राहूनही मला धड माहीत नव्हतं. घरी आईला विचारलं. ती देवापुढे वाती वळत होती. "देवाचंच गातात ना? मग जा की," म्हणाली. तो नाताळ गेला, पुढचे कितीतरी गेले, मी चर्चच्या त्या क्वायरमधून काही उठलो नाही.

भजनं संपली की सायमन एखादं इंग्रजी गाणं घ्यायचा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची, गुलामगिरीच्या काळातली गाणी. त्याचा आवाज तसा साधा, थोडा बसका, पण ही गाणी गाताना तो फार शांत व्हायचा. आणि गाण्याआधी प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, उभा राहून सांगायचा, "हे गाणं आमचं नाही. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसांनी हे रचलं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मला ते मिस हॅरिएटने शिकवलं." सुरुवातीला मला याचा कंटाळा यायचा. तबल्यावर हात ठेवून ताटकळत बसायला लागायचं.

मिस हॅरिएट ही त्याच्या लहानपणी मिशनच्या दवाखान्यात आलेली नर्स. काळी अमेरिकन बाई, उंच, जाड भिंगांचा चष्मा घालणारी. सायमनची आई तिच्याकडे स्वयंपाकाला होती. त्याआधी ती शेवगावकडे कापूस वेचायला जायची. हॅरिएट भांडी विसळताना गुणगुणायची आणि सायमन दारात बसून ऐकायचा. एकदा त्याने जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तर ती हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. म्हणाली, माझी पणजी हे गाणं कापसाच्या शेतात म्हणायची. सायमनच्या आईने चुलीपुढून विचारलं, "ह्यांच्यात बी कापूस येचत्यात व्हय?" मग त्या दोघी मोडक्यातोडक्या मराठीत किती तरी वेळ बोटांबद्दल बोलत राहिल्या... बोंडाच्या कडांनी कशी सोलवटतात, त्याला काय लावायचं. परत जाताना हॅरिएटने त्याला सांगितलं, "तू गा. पण कुठून आणलंस ते आधी सांग." त्याने कबूल केलं, आणि जन्मभर पाळलं.

यावरून आमचे वाद व्हायचे. मी म्हणायचो, "अरे, सूर कुणाच्या बापाचे नसतात. यमनावर काय कुणाची पाटी आहे? उद्या म्हणशील, तबला वाजवायचा तर अमुक घरात जन्म घे." तो हसायचा. एकदा मात्र म्हणाला, "तुझ्या उस्तादांचं नाव घेतोस तेव्हा काय करतोस?" माझा हात तोवर सवयीने कानाच्या पाळीशी गेलाही होता. "हे बघ, हेच म्हणतोय मी," तो म्हणाला. "खाँसाहेबांनी तुला घरात बसवून शिकवलं, आणि तू अजून कानाला हात लावतोस. ज्यांच्याकडून न विचारता घेतलं, त्यांच्यासाठी काय लावणार?" मग त्याने आपल्या आजोबांचं सांगितलं. त्याचे आजोबा गावोगाव जलसे करायचे, स्वतः पदं रचायचे. त्यांची एक चाल कुठल्याशा गाण्याच्या पार्टीने उचलली, तिची रेकॉर्ड निघाली, लग्नाच्या बँडवर वाजू लागली. एका जत्रेत लाउडस्पीकरवर ती लागली आणि आजोबा ऐकत उभे राहिले. शेजारचा माणूस म्हणाला, "लई झ्याक चाल हाय." आजोबा म्हणाले, "व्हय." बस्स, एवढंच. घरी येऊन जेवले नाहीत. सायमन म्हणाला, "त्यांना राग चालीचा नव्हता रे. चाल फिरली याचा आनंदच होता. पण ती त्यांची होती हे त्या जत्रेत फक्त त्यांना एकट्याला ठाऊक होतं."

तेव्हा मला पटलं असं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही. निर्भेळ असं गाणं कुठे असतं? जगातलं सगळं संगीत एकमेकांच्या ताटातलं खाऊनच वाढलंय. हे मी त्याला म्हणायचो, आणि तो म्हणायचा, "ताटातलं खा की. पण ताट ज्याचं, त्याला उपाशी उठवू नकोस."

शॅरन ही नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरच्या याकोबदादांची मुलगी. दादांची तिथे थोडी शेती. सायमन दर शुक्रवारी तिकडच्या क्वायरला शिकवायला जायचा, तिथे ही पोर भेटली. असा आवाज मी फार थोड्यांचा ऐकलाय. भरलेला, आणि वर जाताना जराही पातळ न होणारा. सायमनने तिला हातचं काही राखून न ठेवता शिकवलं. पुढे ती पुण्याला, तिथून मुंबईला गेली, जाहिरातींसाठी गायली, आणि एका म्युझिक कंपनीने तिचं स्वतःचं गाणं करायचं ठरवलं. इंग्रजी-हिंदी मिसळलेलं पॉप गाणं, मागे काळ्या लोकांच्या चर्चमध्ये असतो तसा टाळ्यांचा, दणदणीत कोरस. व्हिडिओसाठी क्वायर हवी होती. शॅरनने हट्टाने आपल्या गावची आणि आमची अशा दोन्ही क्वायर सुचवल्या. तिला खरंच आम्हा सगळ्यांना सोबत न्यायचं होतं, हे मी आवर्जून लिहितो.

बेलापूरजवळच्या दगडी चर्चमध्ये शूटिंग होतं. आम्हाला जांभळे झगे दिले. ते ठीक. मग मेकअप सुरू झाला आणि पुढच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे एकेक करून काळे होऊ लागले. एका पेटीतून कुरळ्या केसांचे टोप निघाले. सायमन दिग्दर्शकाकडे गेला. तरुण मुलगा होता, बोलायला नम्र. म्हणाला, "सर, स्किन टोन जरा डीप हवाय. लाइटमध्ये ते बरं दिसतं."

"आम्ही कुणासारखं दिसायचंय?"

"गॉस्पेल क्वायरसारखं, सर."

"क्वायरच आहोत की आम्ही."

"नाही, म्हणजे... अमेरिकेतल्या."

सायमनने खिशातून रुमाल काढला, नळावर भिजवला आणि शालिनीवहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तोंड पुसलं. मागून याकोबदादांचा आवाज आला, "आमी काय सोंगं आनाया आलोय का हितं?" पण सगळे तसे नव्हते. तरुण मुलं हिरमुसली होती. किती दिवस वाट पाहिली होती त्यांनी, नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. शॅरन धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सर, एवढंच तर आहे. धुतलं की जाईल."

"तुझं जाईल गं," सायमन म्हणाला. "ज्यांचं आहे त्यांचं धुऊन जात नाही."

तो चिडला नव्हता. झगा काढून त्याने नीट घडी केली आणि पहिल्या बाकावर ठेवला. आम्ही बाहेर आलो. शॅरन आत राहिली. दादांनी लेकीकडे एकदा पाहिलं आणि तेही आमच्या मागोमाग निघाले. परतीच्या टेम्पोत एक मुलगा पुटपुटला, "सरांनी आमचा चान्स घालवला." सायमनने ऐकलं. "घालवला खरा," म्हणाला.

कंपनीने दुसरीकडून माणसं आणली आणि गाणं आलं. लग्नांत, रिक्षांत, मोबाईलवर, जिथे जावं तिथे तेच. आणि मग काही महिन्यांनी उलटलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांनी व्हिडिओवर आक्षेप घेतला; तिकडे गोरे नट तोंडाला काळं फासून आमची टिंगल करायचे, त्याचीच ही नक्कल, म्हणाले. तो कोरस एका जुन्या चर्च क्वायरच्या रेकॉर्डिंगवरून हुबेहूब उचललाय आणि त्या क्वायरचं नाव कुठेच नाही, हेही कुणीतरी दाखवून दिलं. इकडे आपल्यातही दोन तट पडले. एक म्हणे, चेहरे काळे रंगवणं ही कसली कला? दुसरा म्हणे, हे अमेरिकेतलं खूळ इथे कशाला? यात शॅरनला रोज शिव्या पडत होत्या. कंपनीला कुणी विचारलं नाही, दिग्दर्शकाला कुणी ओळखत नव्हतं. चेहरा तिचा होता.

आमची क्वायर शूटिंग सोडून आली होती, हे एका वार्ताहराला कळलं. त्याने सायमनला फोन केला. मी तिथेच बसलो होतो. खरं तर हीच वेळ होती, सायमन बरोबर ठरला होता. मी खुणेने म्हणालो, बोल. तो फोनवर म्हणाला, "माझी विद्यार्थिनी आहे ती. मी तिच्याशी बोलेन. तिच्याबद्दल नाही." आणि फोन ठेवला. यावरही क्वायरमधले काही जण रागावले. तेव्हा गाऊ दिलं नाहीस, आता बोलूही देत नाहीस... त्यातल्या दोघांनी येणं सोडलं. ते त्याला फार लागलं, पण त्याने निर्णय बदलला नाही.

शॅरन आली ती एका रविवारी दुपारी, न कळवता. वाळली होती. वहिनींनी आधी तिला जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "सर, मला हीच गाणी येतात. तुम्हीच शिकवलीत. आता मी गाऊ काय? नुसती भजनं?"

"कुणी सांगितलं? गा की हीच. कोणाचं सोंग न आणता गा. तुझा गळा बेलापूरचा आहे, तो तसाच राहू दे."

"आणि नाव घेतलं की झालं?"

"नाही गं होत," म्हणाला. "नाव घेणं पुरेसं नाही. पण त्याच्याखाली तरी उतरू नये माणसाने."

पुढे तिने कंपनीकडे त्या जुन्या क्वायरचं नाव घालायचा आग्रह धरला. त्यांनी टाळाटाळ केली, तेव्हा करार मोडून ती बाहेर पडली. त्या क्वायरमधली एक म्हातारी गायिका हयात होती, तिला शोधून शॅरनने व्हिडिओ कॉल केला. ती बाई सरळ बोलली, मला तुझा राग आला होता, अजून थोडा आहे. मग म्हणाली, गाऊन दाखव. शॅरन गायली. बाईने गाण्यातल्या दोन जागा सुधारून दिल्या. हे सांगायला शॅरन पुन्हा केडगावला आली, तेव्हा सायमन लहान मुलासारखा पुन्हा पुन्हा विचारत होता, "कुठल्या जागा? गाऊन दाखव. कुठल्या?" आता तिचे कार्यक्रम लहान असतात. पूर्वीसारखी गर्दी नाही. ती मात्र बरी दिसते.

दफनाच्या दिवशी ती आली होती. पुढे बसली नाही, क्वायरमध्ये बायकांच्या मागच्या रांगेत उभी राहिली. येणं सोडलेले दोघेही आले होते. मी तबला धरला, पण पहिल्या गाण्याला हात उचललाच नाही.

शनिवारची तालीम केडगावला त्याच्याच घरी होते, अजूनही. तालमीच्या वेळी रस्त्याकडचं दार सताड उघडं ठेवायची त्याची सवय होती. धूळ येते, हॉर्न ऐकू येतात, म्हणून आम्ही कुरकुर करायचो. आता वहिनी ते उघडतात आणि खाली वीट लावून ठेवतात. गेल्या शनिवारी एक भाजीवाली पाटी उतरवून पायरीवर टेकली. आम्ही नवीन गाणं बसवत होतो. थोड्या वेळाने तीही गुणगुणायला लागली, शब्द भलतेच, चालही जरा वाकडी, जात्यावरच्या ओवीसारखी लांबवलेली. पुढे बसलेल्या मुलींना हसू आलं. वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि बाईला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. बाई पाणी प्यायली आणि पुन्हा गाऊ लागली. ती मागे पडत होती, म्हणून मी ठेका जरा सावकाश केला.